ठाऊक असण्याची किंमत

राजकारणावरील चित्रपट पाहताना खलनायक शोधण्याची आपणां सर्वांना सवय असते. जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' (1979) ही सवय मोडतो, आणि म्हणूनच तो अद्याप शिळा झालेला नाही, असे आम्हांस वाटते. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' या कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकर यांनी त्याची पटकथा रचली. मुख्यमंत्र्यांना (अरुण सरनाईक) निनावी दूरध्वनी येतो की, त्यांच्याविरुद्ध कट शिजत आहे. मग अर्थमंत्री दाभाडे (श्रीराम लागू) यांची महत्त्वाकांक्षा आणि आमदारांची मोजदाद यांचा खेळ सुरू होतो. कामगारनेता डिकास्टा (सतीश दुभाषी) याच्यामागील श्रमिकांचे बळही त्या हिशेबात धरले जाते. पुढे कोण फुटणार, एवढ्याच उत्कंठेवर चित्रपट आपणांस बांधून ठेवतो.

या साऱ्याचा साक्षीदार आहे वार्ताहर दिगू टिपणीस. 'सामना'मध्ये (1975) याच दिग्दर्शकाने निळू फुले यांना सहकारसम्राट केले होते. येथे त्यांच्याच हाती लेखणी दिली. दिगूला सर्व ठाऊक असते, पण त्या जाणण्याने काहीच बदलत नाही. अखेरीस त्याला वेड लागते.

निवडणूक हा 'सिंहासन'चा विषय नाही. पदांची तीच देवघेव ऐन प्रचारात कशी चालते, हे जॉर्ज क्लूनी यांच्या 'द आयड्स ऑफ मार्च' (2011) या अमेरिकी चित्रपटात दिसते. ओहायो राज्यातील पक्षांतर्गत निवडणुकीत स्टीफन मायर्स हा तरुण आपल्या उमेदवारावर मनापासून विश्वास ठेवून राबत असतो. उमेदवाराचे एक लज्जास्पद गुपित त्याला कळते. त्या गुपितात गुंतलेली तरुणी प्राणास मुकते. मायर्स मात्र ते गुपित जाहीर करीत नाही. त्याच्या मोबदल्यात तो प्रचारप्रमुखाचे पद मागून घेतो. दिगूला सत्य पचत नाही. मायर्स ते चलनासारखे वटवतो. आमच्या मते मायर्सचे अधःपतन अधिक भयावह आहे, कारण त्याची शुद्ध शेवटपर्यंत हरपत नाही.

दोन्ही चित्रपटांत एक उणीव जाणवते. मतदार म्हणून सामान्य माणूस त्यांत फारसा येतच नाही. ही रिकामी जागा कुरुळीसारख्या गावी बसून पाहताना अधिकच खुपते. पुणे-नाशिक महामार्गालगतच्या चाकण पट्ट्यात शेतीच्या जागी कारखाने उभे राहिले आणि परजिल्ह्यांतील कामगार भाड्याच्या खोल्यांत राहू लागले. त्यांतील अनेकांचे मत अजून मूळ गावच्या यादीत असते. अशा मतदारांना गावी नेण्यासाठी उमेदवाराची गाडी येणे, ढाब्यावर जेवणे होणे, देवदर्शनाच्या सहली निघणे, हे महाराष्ट्रात कोणास नवे नाही. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे 123 वे कलम लाच आणि मतदारांची फुकट वाहतूक या दोहोंना भ्रष्ट आचार म्हणते. तरी गाडीत बसताना आपण काही विकतो आहोत, असे कोणास वाटत नाही. 'सगळेच घेतात' हे वाक्य बोचणी शमवण्यास पुरेसे होते. ज्याला एका दिवसाची मजुरी बुडवून दूरच्या गावी जावे लागते, त्याला दोष देणे सोपे आहे, हेही आम्ही जाणतो. पण त्याची गरज ओळखून गाडी पाठवणारा आणि ते पाहून गप्प बसणारे आपण सुशिक्षित, यांचा हिशेब कोणी मांडायचा?

दिगूला वेड लागले, मायर्सला पद मिळाले. आपण मात्र सारे ठाऊक असून बोटाला शाई लावून स्वस्थ चित्ताने घरी परततो. या तिसऱ्या माणसावर चित्रपट निघावयाचा आहे. तो निघेपर्यंत आमच्या वाचकांनी, विशेषतः प्रथमच मतदान करणार असलेल्या मुलामुलींना सोबत घेऊन, 'सिंहासन' पुन्हा पाहावा आणि दिगूच्या जागी आपण असतो तर काय केले असते, याची घरात मोकळेपणी चर्चा करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.