बारीक सुई म्हणजे सौम्य सुई?

शिरेतून रक्त काढणे सौम्य करायचे म्हणजे सुई बारीक करायची, ही समजूत आम्हाला अपुरी वाटते. सुईची आतील त्रिज्या निम्मी केली, तर तेवढ्याच दाबाखाली प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. वेळ वाढतो, फार बारीक सुईत तांबड्या पेशी फुटूही शकतात. मग पेशींतले पोटॅशियम नमुन्यात मिसळून आकडा फुगतो आणि रुग्णाला पुन्हा टोचावे लागते.

दुसरा जाच निर्वात नळीच्या ओढीचा. मऊ स्ट्रॉ जोराने ओढली की चपटी होते, तशीच नाजूक शीर मिटते. म्हणून वृद्धांसाठी व बालकांसाठी कमी ओढीच्या लहान नळ्या बऱ्या. रचनाकारांनी सुईइतकाच ओढीचाही विचार करायला हवा. वर्गात हे स्ट्रॉने सहज दाखवता येईल.