छतावरील सौर अनुदान आणि अल्प उत्पन्न कुटुंबे : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

केंद्र शासनाने १३ फेब्रुवारी २०२४ रोजी 'प्रधानमंत्री सूर्यघर : मोफत वीज योजना' सुरू केली. एक कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसविण्यासाठी तीत ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे. एक किलोवॅटच्या संचास ३० हजार, दोन किलोवॅटच्या संचास ६० हजार, तर तीन किलोवॅट व त्यापुढील संचास ७८ हजार रुपये केंद्रीय अर्थसाहाय्य मिळते. प्रस्तुत लेखात या अर्थसाहाय्याचा अल्प उत्पन्न कुटुंबांच्या दृष्टीने विचार केला असून बारामती व इंदापूर या तालुक्यांची सामाजिक-आर्थिक रचना त्यासाठी समोर ठेवली आहे. अनुदानाच्या रकमेपेक्षा ते कोणत्या मापाने मोजले जाते, हा येथे विचाराचा मुख्य विषय आहे.

क्षमतेचे माप

केंद्रीय अनुदान संचाच्या क्षमतेबरोबर वाढते. क्षमता ठरते ती छताच्या क्षेत्रावर आणि घरातील वीजवापरावर. म्हणजेच ती कुटुंबाच्या सांपत्तिक स्थितीचीच निदर्शक असते. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील ऊस बागायतदाराच्या स्लॅबच्या घरावर तीन किलोवॅटचा संच सहज बसतो. सुपे-मोरगाव परिसराच्या जिरायती पट्ट्यातील पत्र्याच्या दोन खोल्यांवर मात्र एक किलोवॅटसाठी लागणारी सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित व भार पेलणारी जागा मिळणेही कठीण असते. पहिल्यास ७८ हजार आणि दुसऱ्यास फार तर ३० हजार, असे हे वाटप होते. शिवाय दरमहा १०० युनिटांनंतर विजेचा दर चढत असल्याने अधिक वापर करणाऱ्याचे वाचणारे युनिट महागडे असते. मदत आणि बचत या दोहोंचा ओघ अशा रीतीने एकाच दिशेने वाहतो.

राज्याची पूरक योजना

ही विषमता कमी करण्याचा प्रयत्न राज्य शासनाने २०२५ मध्ये मंजूर केलेल्या 'स्वयंपूर्ण महाराष्ट्र निवासी रूफटॉप' अर्थात 'स्मार्ट' योजनेत दिसतो. ६५५ कोटी रुपयांच्या या योजनेत दारिद्र्यरेषेखालील सुमारे १ लाख ५४ हजार आणि दरमहा १०० युनिटांपेक्षा कमी वापर असलेले सुमारे ३ लाख ४५ हजार ग्राहक अपेक्षित आहेत. एक किलोवॅटच्या संचाचा खर्च ५० हजार रुपये गृहीत धरला आहे. केंद्राचे ३० हजार वजा जाता दारिद्र्यरेषेखालील ग्राहकासाठी राज्य १७,५०० रुपये देते व त्याचा स्वतःचा वाटा २,५०० रुपये उरतो. अन्य ग्राहकांपैकी अनुसूचित जाती-जमातींचा वाटा ५ हजार, तर सर्वसाधारण गटाचा १० हजार रुपये आहे. गरजेनुसार अनुदान वाढविण्याचे हे तत्त्व निःसंशय स्वागतार्ह आहे.

शिल्लक युनिटांचा प्रश्न

तथापि योजनेचे अर्थकारण पुढेच आहे. महावितरणच्या वर्गवारीत दारिद्र्यरेषेखालील ग्राहक तोच, ज्याचा वार्षिक वापर ३६० युनिटांहून कमी, म्हणजे महिन्याला ३० युनिटांच्या आत आहे. एक किलोवॅटचा संच महिन्याला सुमारे १२० युनिट वीज निर्माण करतो. चारपैकी तीन युनिटे त्या घरात वापरलीच जात नाहीत. त्याचा वीजदर आधीच सवलतीचा असल्याने बिलातील बचत अल्प राहते, आणि स्थिर आकार तर द्यावाच लागतो. वर्षाकाठी उरणारी हजारभर युनिटे हाच त्या कुटुंबाचा खरा लाभ होय. आर्थिक वर्षाअखेर ही युनिटे नियामक आयोगाने ठरविलेल्या दराने महावितरण खरेदी करते. ही रक्कम वेळेवर व रोखीने खात्यात जमा होते की पुढील बिलांत विरून जाते, यावर योजनेचे यश अवलंबून राहील. 'मोफत वीज' या शब्दप्रयोगात हा मुद्दा झाकला जातो. गरीब कुटुंबाला येथे ग्राहकापेक्षा उत्पादक म्हणून पाहावयास हवे.

छताबाहेरची माणसे

स्वतःचे घर, योग्य छत आणि वैध वीजजोडणी या अटींमुळे काही गट आरंभीच वगळले जातात. बारामती औद्योगिक वसाहतीतील कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. मीटर घरमालकाच्या नावावर असते. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती व कर्मयोगी या कारखान्यांच्या हद्दीत हंगामापुरते येणारे ऊसतोड मजूर कोपीत राहतात. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर आजोबांचेच नाव असलेल्या, वाटणी न झालेल्या घरातील धाकट्या भावाची अडचणही याच जातीची.

यावर उपाय अशक्य नाहीत. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये सामूहिक व आभासी नेट मीटरिंगची मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. एका ठिकाणच्या प्रकल्पाची वीज अनेकांच्या बिलांत वळती करता येते, हे त्यांतील सूत्र आहे. शाळा, बाजार समिती वा ग्रामपंचायतीच्या छतावरील संचातून छत नसलेल्यांना वाटा देता येईल. तसेच २०२५ मध्ये राज्याने ग्रामीण घरकुलासाठी दिलेल्या ५० हजारांच्या वाढीव अनुदानात १५ हजार रुपये सौर संचासाठी राखले आहेत. घरकुलाचा आराखडा करतानाच छताची दिशा व मजबुती ठरविल्यास ही रक्कम सार्थकी लागेल.

समारोप

किती किलोवॅट बसले, हे या योजनांचे सोपे मोजमाप आहे. कोणाच्या घरी बसले, त्या घरी वर्षाअखेर किती रुपये आले आणि कोणाच्या घरी बसूच शकले नाहीत, या तीन प्रश्नांची तालुकानिहाय उत्तरे महावितरणने प्रसिद्ध केल्यासच अनुदानाचे खरे मूल्यमापन होऊ शकेल. सूर्यप्रकाश बागायतीत आणि जिरायतीत सारखाच पडतो. कालव्याच्या पाण्याच्या बाबतीत या दोन तालुक्यांत जे घडले, ते त्याच्या बाबतीत घडू नये, ही जबाबदारी धोरणकर्त्यांची आहे.