एका व्यंजनाचे अंतर : एकोणपन्नासाव्या स्तोत्रातील धन, विवेक व मृत्यू

जुन्या करारातील ४९ वे स्तोत्र कोरहपुत्रांच्या नावावर असले, तरी त्याचा घाट देवस्तवनाचा नसून उपदेशाचा आहे. धनवान व दरिद्री या दोघांनाही एकत्र बोलावून कवी वीणेच्या साथीने एक कूट उकलण्याचे आश्वासन देतो. मृत्यू धनवंतालाही सोडीत नाही, हेच त्याचे उत्तर असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु सर्वांस ठाऊक असलेली गोष्ट सांगण्यास कूटाचे प्रयोजन काय?

या प्रश्नाचे उत्तर स्तोत्राच्या ध्रुपदात आहे. हिब्रू गणनेप्रमाणे १३ व्या आणि २१ व्या वचनांत वैभवशाली मनुष्याची तुलना नाश पावणाऱ्या पशूंशी केली आहे. मात्र पहिल्या ठिकाणी क्रियापद 'यालीन', म्हणजे मुक्काम करणे, असे आहे. दुसऱ्या ठिकाणी 'यावीन', म्हणजे उमजणे. प्राचीन ग्रीक भाषांतराने दोन्हीकडे उमजण्याचा अर्थ घेतला. उलट १९५२ च्या इंग्रजी रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्शनने दोन्हीकडे टिकण्याचा. लेखनिकाचा प्रमाद संभवतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि हा भेद पुसला, की स्तोत्राची गतीच नाहीशी होते.

कारण या दोन वचनांच्या मध्ये काव्याला कलाटणी मिळते. खंडणी भरून कोणीही मनुष्य दुसऱ्यास मृत्यूपासून सोडवू शकत नाही, असे कवीने आरंभी म्हटले आहे. १६ व्या वचनात तेच 'सोडविणे' हे क्रियापद परत येते, पण आता त्याचा कर्ता देव आहे. शहाणेही मरतात, हे कवी नाकारीत नाही. म्हणून पहिले ध्रुपद मर्त्यतेची नोंद करते, तर दुसरे अविवेकाची. मनुष्य पशुवत् ठरतो तो मरतो म्हणून नव्हे; जे विकत मिळत नाही तेही विकत घेता येईल असे मानतो म्हणून.

लूकच्या शुभवर्तमानातील १२ व्या अध्यायाचा दृष्टान्त याच दृष्टीने वाचावा. स्तोत्रातील धनिकाप्रमाणेच तेथील जमीनदारही स्वतःला धन्य मानतो. त्याचे धान्य अन्यायाने मिळविलेले नाही. भूमीनेच ते भरघोस दिले आहे. देव त्याला चोर म्हणत नाही, मूर्ख म्हणतो. म्हणजे येथे दोष संपत्तीच्या ठायी नसून बुद्धीच्या ठायी आहे.

मात्र या साम्यावरून स्तोत्रात ख्रिस्ती पुनरुत्थानाचा सिद्धान्त शोधणे उचित नव्हे. देव आपणास 'घेईल', एवढेच कवी म्हणतो. हनोखाविषयी उत्पत्तीच्या ५ व्या अध्यायात हेच क्रियापद आले आहे, आणि तेथेही त्याचा अधिक खुलासा नाही. कवीचा विश्वास निश्चित आहे; त्याचे वर्णन अपुरे आहे. ते अपुरेपण भाषांतरकाराने व टीकाकारानेही जपले पाहिजे.