सूर्याने दिलेली मुदत

दिवाळी अंक घरात आला की पुष्कळ घरांत तो मागच्या बाजूने उघडला जातो. संपादकांना हे ठाऊक असते. म्हणून तर वार्षिक राशिभविष्य शेवटी छापतात. आजोबांची कर्क, सूनबाईंची तूळ, परीक्षेला बसलेल्या चिरंजीवांची मकर, अशा सगळ्यांच्या राशी वाचून झाल्या म्हणजे मग कथा-कवितांची पाळी येते. या भविष्यात एक मोठी सोय असते. ते एका वर्षाचे असते. पुढच्या दिवाळीला नवे मिळते आणि जुने कोणी ताडून पाहत नाही. पण सबंध मनुष्यजातीची एकच रास धरून तिचे लाखो-कोट्यवधी वर्षांचे भविष्य सांगणारे लेखकही होऊन गेले आहेत. त्यांची भविष्ये पुस्तकांत पक्की बसलेली असल्यामुळे ती बिचारी पळून जाऊ शकत नाहीत.

अशा भविष्यवेत्त्यांत हर्बर्ट जॉर्ज वेल्स अग्रगण्य. माणसाचा शेवट गोड होणार की कडू, या एका प्रश्नाला त्याने पन्नास वर्षांत इतकी वेगवेगळी उत्तरे दिली की, कोणत्याही पक्षाने त्याला आपला साक्षीदार म्हणून उभे करावे. या सगळ्या उत्तरांत १८९५ साली आलेले पहिलेच उत्तर, म्हणजे ‘द टाइम मशीन’ ही छोटी कादंबरी, आजही सर्वांत खरी वाटते असे माझे मत आहे. आणि तिच्यातले शास्त्र खोटे ठरल्यामुळे ती अधिकच खरी झाली आहे. हे विधान विचित्र वाटेल. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वेल्सचे वडील ब्रॉमली गावी चिनीमातीच्या भांड्यांचे दुकान चालवीत. दुकान फारसे चालत नसे. क्रिकेट मात्र चाले. १८६२ साली केंटकडून खेळताना त्यांनी ससेक्सचे चार गडी लागोपाठच्या चार चेंडूंवर बाद केले होते. (घरातल्या क्रिकेटवेड्यांनी ही नोंद करून ठेवावी; साहित्याच्या अभ्यासात ती सहसा उपयोगी पडत नाही.) पण क्रिकेटवर संसार होईना, तेव्हा आई अपपार्क नावाच्या एका सरदारी वाड्यात नोकरवर्गावर देखरेख करणारी कारभारीण म्हणून राहिली. या वाड्यात स्वयंपाकघरापासून मुख्य इमारतीपर्यंत जमिनीखालून भुयारे होती. नोकरांनी त्यांतून ये-जा करायची, म्हणजे वरच्या हिरवळीवर फिरणाऱ्या मालकांच्या नजरेला ते पडायचे नाहीत. वेल्सने ही भुयारे लहानपणी पाहिली. पुढे तो एका कापडदुकानात उमेदवारी करू लागला, दिवसाचे तेरा-तेरा तास. आणि मग १८८४ साली लंडनमध्ये टी. एच. हक्स्ले यांच्यासारख्या गुरूपुढे जीवशास्त्र शिकायला बसला. भुयार, दुकान आणि हक्स्ले या तिन्हींचे मिश्रण झाले, आणि त्यातून ही कादंबरी निघाली.

तिचा नायक आपल्या यंत्रावर बसून इसवी सन ८,०२,७०१ मध्ये जातो. तिथे त्याला नाजूक, सुंदर, फळे खाणारी, फुलांशी खेळणारी बुटकी माणसे भेटतात. ही एलॉय. रोग नाहीत, भांडणे नाहीत, काम नाही. आपल्याला वाटते, झाले, कहाणी सुफळ संपूर्ण! पण हळूहळू कळते की जमिनीखाली मॉर्लॉक नावाची दुसरी जात राहते. पांढुरकी, उजेडाला भिणारी. तीही माणसाचीच वंशज. वरचे ते एकेकाळच्या मालकांचे वारस आणि खालचे ते कामगारांचे. खालचे अजून यंत्रे चालवतात, वरच्यांना कपडे पुरवतात. आणि अंधाऱ्या रात्री वर येऊन त्यांनाच खातात. गवळ्याने गुरे पाळावीत तशी ही पाळणूक आहे; फक्त या गवळ्याला दुधाशी कर्तव्य नाही.

मला या कादंबरीतला सर्वांत बोचरा भाग वाटतो तो एका पडक्या पदार्थसंग्रहालयाचा. हिरव्या चिनीमातीने मढवलेली ती प्रचंड इमारत, आत धूळ. पुस्तके कुजून चिंध्या झालेली. सबंध मानवजातीचे लेखन तिथे लोंबते आहे, आणि त्यात नायकाच्या उपयोगी पडणारे एक पानही नाही. उपयोगी पडते काय? तर हवाबंद पेटीत टिकलेल्या काड्या आणि थोडा कापूर. कापूर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे आरती येते. या प्रवाशाला तो अंधारातून अंगावर येणाऱ्या हातांना लांब ठेवण्यासाठी हवा असतो. आठ लाख वर्षांच्या संस्कृतीची शिल्लक मूठभर कापूर! वेल्सने यावर प्रवचन दिलेले नाही. नंतरच्या वेल्सने नक्की दिले असते.

यानंतर तो प्रवासी आणखी पुढे पळतो, तीन कोटी वर्षांहूनही पुढे. पृथ्वी फिरायची थांबली आहे. तिची एकच बाजू सूर्याकडे वळलेली. सूर्य फुगून लाल झालेला आणि निवत चाललेला. एक समुद्रकिनारा, त्याला लाटा नाहीत. मग ग्रहण लागते, बर्फ पडू लागते, आणि त्या लालसर पाण्याच्या काठी चेंडूएवढी काळी, लोंबत्या तंतूंची एक वस्तू उड्या मारताना दिसते. बस्स, एवढेच जीवन उरलेले. समीक्षक या प्रसंगाची वारेमाप स्तुती करतात, आणि ती रास्त आहे. इंग्रजीत इतकी भयाण शांतता फार थोड्यांनी लिहिली असेल.

हा निवणारा सूर्य वेल्सने कल्पनेतून आणला नव्हता. त्या काळचे शास्त्रच तसे सांगत होते. सूर्य स्वतःच्या वजनाने आकुंचन पावतो आणि त्यातून उष्णता निघते, असे लॉर्ड केल्व्हिनसारख्या थोर पदार्थवैज्ञानिकाचे मत होते. त्या हिशेबाने सूर्याची पुंजी काही कोटी वर्षांची, पुढे अंधार. आपल्याला ठाऊक नसलेला एखादा साठा निघाला तर गोष्ट वेगळी, अशी पुस्ती केल्व्हिनने १८६२ सालीच जोडली होती. पण पुस्त्या कोण वाचतो? सूर्य मरणार हे एकदा ठरले की माणसाच्या सगळ्या उद्योगांवर एक प्रकारचे सुतक पसरते. वरचे खालच्यांना राबवोत, खालचे वरच्यांना खावोत; शेवटी सगळ्यांवर तेच बर्फ पडणार. १८९५ च्या वाचकाने पुस्तक मिटताना जो सुस्कारा टाकला असेल त्यात दुःख होते, पण थोडी सुटकाही होती. दोष सूर्यावर गेला होता.

तो साठा पुढे निघाला. १९२० साली कार्डिफ येथे आर्थर एडिंग्टन यांनी भाषणात सुचवले की हायड्रोजनचे हेलियम होताना जी ऊर्जा सुटते तिच्यावर तारे जळत असावेत. १९३९ साली हान्स बेथे यांनी ती प्रक्रिया तपशिलाने मांडली. सूर्याचे वय आता सुमारे ४६० कोटी वर्षे धरतात आणि अजून सुमारे ५०० कोटी वर्षे तो जळत राहील. पृथ्वीला मात्र इतकी सवड नाही. सूर्य थंड होण्याऐवजी हळूहळू अधिक प्रखर होत जाणार, आणि सुमारे १०० कोटी वर्षांत समुद्र आटण्याची वेळ येईल असा अंदाज आहे. म्हणजे वेल्सचे बर्फ चुकले. उन्हाळा यायचा आहे. पण तोही तीन कोटींनी नव्हे, शंभर कोटींनी. आपली जात जेमतेम तीन लाख वर्षांची. मुदतीच्या मानाने आपण अजून पाळण्यात आहोत.

गंमत, किंवा गंमत नव्हे, अशी की त्याच कार्डिफच्या भाषणात एडिंग्टन यांनी ही शक्ती कधीकाळी माणसाच्या ताब्यात आली तर ती त्याच्या कल्याणासाठी वापरली जाईल किंवा त्याच्या आत्मघातासाठी, असेही सुचवून ठेवले होते. बत्तीस वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५२ रोजी, पॅसिफिकमधल्या एका प्रवाळबेटावर हायड्रोजन बॉम्बची पहिली चाचणी झाली. ज्या ज्ञानाने आपल्याला मुदत वाढवून दिली त्यानेच ती आधी संपवण्याचे साधनही हाती ठेवले.

आता ‘टाइम मशीन’ पुन्हा वाचून पाहा. लाल किनारा आता केवळ चित्र राहिला; सुंदर, पण दूरचे. निवत्या सूर्याच्या सावलीत दडलेला ८,०२,७०१ चा प्रसंग मात्र एकदम उजेडात येतो. तिथे सूर्य उत्तम तापतो आहे, फळे पिकत आहेत, आणि तरीही माणूस संपला आहे. आकाशाचा त्यात काही हात नाही. एका घराला दोन जिने ठेवले, एक वरचा आणि एक खालचा, एवढ्यानेच ते घडले. शास्त्राने सूर्यावरचा आरोप मागे घेतल्यावर आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उरते, हे सांगायला नको. कादंबरी खोटी ठरल्यामुळे अधिक खरी झाली असे मी म्हटले ते याच अर्थाने.

एक लहानशी गोष्ट. मासिकात ही कथा क्रमशः येत असताना संपादक हेन्ली यांच्या आग्रहावरून वेल्सने एक जादा प्रसंग घातला होता. त्यात माणसाचे वंशज सशा-कांगारूसारखे प्राणी होऊन बागडतात. पुस्तक करताना त्याने तो काढून टाकला, ते फार बरे केले. मॉर्लॉक पाहून आपल्याला भीती वाटते, कारण त्यात आपला चेहरा आहे. सशाबद्दल फार तर कीव येईल.

या वेल्सने पुढे शेवट गोड करण्याचा चंग बांधला आणि तिथे त्याच्यातला कलावंत आजारी पडला. १९०५ च्या ‘अ मॉडर्न युटोपिया’पासून १९३३ च्या ‘द शेप ऑफ थिंग्ज टू कम’पर्यंत त्याने आदर्श जगाचे नकाशे काढले. शेवटच्या पुस्तकावरून १९३६ साली चित्रपटही निघाला. युद्धाने सगळे उद्ध्वस्त होते, मग समंजस वैमानिक आणि इंजिनियर येऊन जग ताब्यात घेतात आणि पांढऱ्या पोशाखांतली स्वच्छ माणसे चकाकत्या शहरांत वावरू लागतात. अशा शहरात आपल्याला मुक्कामाला बोलावले तर आपण काहीतरी सबब सांगू. तिथे कुणाच्या घरी दूध उतू जात नाही. या ग्रंथांत चूक विचारांची आहे असे मी म्हणत नाही. जगाचे एक राज्य असावे ही वेल्सची तळमळ प्रामाणिक होती. पण त्या जगात गमावण्यासारखे कोणी नाही. ‘टाइम मशीन’मध्ये वीना आहे. नदीत वाहून जाताना प्रवाशाने तिला ओढून काढलेले, मग ती त्याच्या मागे मागे फिरते, त्याच्या खिशात फुले खुपसते, आणि एका रात्री वणव्याच्या गोंधळात नाहीशी होते. आठ लाख वर्षांचे सगळे नुकसान त्या एका नुकसानात मावते.

गोड शेवटाच्या पुस्तकांपैकी एकाने मात्र खऱ्या इतिहासात हात घातला. १९१४ च्या ‘द वर्ल्ड सेट फ्री’मध्ये वेल्सने ‘अणुबॉम्ब’ हा शब्दच वापरला, आणि त्या बॉम्बच्या महायुद्धानंतर माणसे शहाणी होतात असे दाखवले. लिओ झिलार्ड या हंगेरियन शास्त्रज्ञाने ते १९३२ साली वाचले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्याला अणूंच्या साखळी-प्रक्रियेची कल्पना सुचली. कादंबरीतला बॉम्ब प्रत्यक्षात आला. कादंबरीतला शहाणपणा अजून यायचा आहे.

ओलाफ स्टेपलडन हा लिव्हरपूलचा तत्त्वज्ञ याहून धीट. १९३० च्या ‘लास्ट अँड फर्स्ट मेन’मध्ये त्याने दोनशे कोटी वर्षे आणि एकापाठोपाठ अठरा मानवजाती उलगडल्या, शेवटची नेपच्यूनवर मरते. पुस्तकाची सुरुवातीची प्रकरणे, म्हणजे नजीकच्या राजकारणाची, साफ फसली आहेत. पुढची भव्य आहेत. लाखांचे सांगणे सोपे, दहा वर्षांचे अवघड, हे आपल्या ज्योतिषांनाही पटेल.

आपल्याकडे हा प्रश्न एवढ्या धसक्याने विचारला जात नाही, कारण पुराणांनी काळाला चाक लावून ठेवले आहे. कलियुग ४,३२,००० वर्षांचे, ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटींचा. मग प्रलय, मग पुन्हा पहाट. हा आकडा सूर्याच्या वयाच्या जवळपास येतो म्हणून हुरळून जाण्याचे कारण नाही. आकडे आकड्यांना भेटतच असतात. या कल्पनेची भव्यता मी मानतो. तिचे सांत्वन मात्र मला महाग वाटते. पुढच्या कल्पात नवी सृष्टी होईल, पण ती वीना त्यात नसेल. जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्यासह आद्यंत नसलेल्या विश्वाचा पक्ष मोठ्या चिकाटीने मांडला. पण तेच नारळीकर मराठीत गोष्ट लिहायला बसले की त्यांना चाकावर भागवता येत नाही. ‘वामन परत न आला’मध्ये नाहीशा झालेल्या एका संस्कृतीचा ठेवा सापडतो, त्यातल्या ज्ञानावर यंत्रमानव घडतो, आणि ती संस्कृती का नाहीशी झाली हे उशिरा उमगू लागते. पूर्वीच्यांना बुडवणारी वस्तू आपण हौसेने पुन्हा घडवतो आहोत, ही त्यातली खरी धास्ती. १९८० च्या दशकातली ही कादंबरी आज, यंत्रे माणसासारखी बोलू लागल्यावर, वेगळी वाचली जाते.

अलीकडे या विषयाला गणिताचे कपडे चढले आहेत. टोबी ऑर्ड यांनी ‘द प्रेसिपिस’ (२०२०) या पुस्तकात पुढच्या शंभर वर्षांत मनुष्यजातीवर कायमचे संकट ओढवण्याची शक्यता सहात एक अशी धरली. तो आपला अंदाज आहे हे ते स्वतःच सांगतात. आणि नैसर्गिक संकटांपेक्षा माणसाने निर्माण केलेली संकटे कितीतरी पटींनी मोठी, हा त्यांचा निष्कर्ष. तो वेल्सला भुयारे पाहूनच कळला होता. सहात एक हे वाचून मी दचकत नाही. तो आकडा फाशासारखा वाटतो, जणू कोणीतरी दुसराच तो टाकणार आहे.

शेवटी वेल्सचे काय झाले? लंडनवर बॉम्ब पडत असतानाही तो आपले रिजंट्स पार्कजवळचे घर सोडून गेला नाही. १९४५ साली त्याची दोन चिमुकली पुस्तके निघाली. ‘माइंड अ‍ॅट द एंड ऑफ इट्स टेदर’मध्ये माणसाचा खेळ आटोपला असे तो कंटाळलेल्या, तुटक भाषेत सांगतो. ‘द हॅपी टर्निंग’मध्ये तो स्वप्नात रोजच्या रस्त्यावरून एका आनंदी वळणावर वळतो आणि मजेत गप्पा मारतो. दोन्हींवर साल एकच. १३ ऑगस्ट १९४६ रोजी तो वारला. पहिल्या पुस्तकावरून पुष्कळांनी त्याला निराशावादी ठरवले. दुसरे फारसे कोणी उघडत नाही. मी दोन्ही वाचली आहेत आणि दोन्ही साहित्य म्हणून किरकोळ आहेत. ज्याला खरा वेल्स पाहिजे त्याने अठ्ठावीस वर्षांच्या वेल्सकडे जावे, आणि तो लाल किनारा पाहून परत येताना हिरव्या संग्रहालयापाशी थोडे अधिक थांबावे.