कॅरोल यांचें काळें पिल्लूं

लुइस कॅरोल यांच्या १८७१ सालच्या 'थ्रू द लुकिंग-ग्लास' या पुस्तकाचा आरंभ मांजरीच्या एका काळ्या पिल्लाच्या खोडीनें होतो. ॲलिस पेंगत असतां तें लोकरीचा गुंडा उलगडून गालिच्यावर गुंता करून ठेवतें. मग ती त्याच्या अपराधांचा पाढा वाचते: आई तोंड धूत असतां दोनदां ओरडलें, दुधाच्या बशीपासून पांढऱ्या पिल्लाला शेपटी धरून ओढलें! शिक्षा मात्र सांठवून ठेवावयाची. स्वतः बोलणीं खाणाऱ्या मुलीला रागें भरावयास कोणी तरी लहान सांपडलें, हें मर्म कॅरोल यांनीं अचूक टिपलें आहे. पुढें स्वप्नांत तेंच पिल्लूं तांबडी राणी होऊन ॲलिसलाच शिस्तीचे धडे देतें! (तेथील शाब्दिक कसरत आम्हांस मधूनमधून कंटाळवाणी वाटली.) जागेपणीं मात्र तें प्रत्येक प्रश्नास नुसतें घुरघुरतें; घरीं मांजर असलेल्या वाचकास हें मुळींच खोटें वाटणार नाहीं.