पडोसन
१९६८ मध्ये प्रदर्शित झालेला लोकप्रिय हिंदी विनोदी चित्रपट. निर्माते मेहमूद व एन. सी. सिप्पी, दिग्दर्शक ज्योती स्वरूप, लेखन व गीते राजेंद्र कृष्ण, संगीत राहुल देव बर्मन. सुनील दत्त, सायरा बानू, किशोर कुमार, मेहमूद व ओमप्रकाश यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. सहकुटुंब पाहण्याजोगा विनोदपट अशी त्याची ख्याती आजही टिकून आहे. तथापि दक्षिण भारतीय व्यक्तीच्या उपहासात्मक चित्रणामुळे त्याचे मूल्यमापन वादग्रस्त ठरले आहे.

भोला हा साधा तरुण शेजारच्या बिंदूवर अनुरक्त होतो. बिंदूला संगीताचे वेड असून तिला गाणे शिकविणारे मास्टर पिल्लई हेही तिच्यावर लुब्ध आहेत. भोलाला गळा नाही; म्हणून त्याचा मित्र विद्यापती आडून गातो आणि भोला खिडकीत उभा राहून केवळ ओठ हलवितो. हे कपट पुढे उघडकीस येते. तरी अखेरीस दोघांचा विवाह होतो.

मास्टर पिल्लईची भूमिका मेहमूद यांनी केली. लांब शेंडी, कपाळी गंध, लुंगी, हिंदी बोलतानाचा विशिष्ट हेल आणि व्याकरणाच्या चुका यांतून त्यांनी हे पात्र उभे केले. मेहमूद यांची विनोदाची जाण, लयीवरील हुकमत व अंगविक्षेपांतील चापल्य यांविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो हास्याच्या विषयाचा. पिल्लई हास्यास्पद ठरतो तो लोभी वा लबाड असल्यामुळे नव्हे, तर त्याचा वेष, उच्चार व मूळ प्रदेश यांमुळे. त्याला व्यापणारी ‘मद्रासी’ ही संज्ञा चार प्रमुख भाषा बोलणाऱ्या प्रदेशांना सरसकट लावली जात असे. खुद्द मद्रास राज्याचे नाव जानेवारी १९६९ मध्ये तमिळनाडू असे बदलले. बोलीतील ‘मद्रासी’ मात्र मागे राहिला.

हे व्यंगचित्र कथेला अपरिहार्य होते काय, या प्रश्नाचे उत्तर कथेच्या पूर्वेतिहासातच मिळते. अरुण चौधरी यांच्या बंगाली कथेवरून प्रथम पाशेर बाडी (१९५२) हा बंगाली चित्रपट निघाला. त्यानंतर तेलुगूत पक्किंटी अम्मायी (१९५३) व तमिळमध्ये अडुत्त वीट्टु पेण् (१९६०) हे चित्रपट आले. म्हणजे ही कथा मुंबईच्या हिंदी पडद्यावर येण्यापूर्वीच दक्षिणेत रुजली होती. जेथे नायक, नायिका व प्रेक्षक हे सर्वच दाक्षिणात्य, तेथे दाक्षिणात्य असणे हाच विनोदाचा विषय होऊ शकत नाही. कथेचा गाभा आहे तो उसन्या आवाजाचा. प्रांतिक उपहास ही त्यात नंतर पडलेली भर होय.

या उपहासाला मुंबईत निराळा संदर्भ होता. १९६० मध्ये सुरू झालेल्या मार्मिक साप्ताहिकाने शहरातील कचेऱ्यांमधील बिगरमराठी, मुख्यतः दाक्षिणात्य, अधिकाऱ्यांच्या याद्या छापल्या. १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली. दादर, परळ, लालबाग या मराठी वस्तीच्या भागांत तिला मोठा पाठिंबा लाभला. मराठी तरुणांच्या बेकारीची व्यथा खरी होती. परंतु तिचा रोख दाक्षिणात्य कारकून व उपाहारगृहचालक यांच्यावर वळला आणि ‘लुंगी’ हा शब्द घोषणांतून अवहेलनेसाठी वापरला गेला. चित्रपटाने ही भावना निर्माण केली असे म्हणता येत नाही. मात्र पडद्यावर जे वस्त्र हशा मिळवीत होते, तेच रस्त्यावर माणूस हेरण्याची खूण बनले होते, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. परळ-दादरच्या सीमेवरील हिंदमाता हे नावच मुळी चित्रपटगृहावरून रूढ झालेले. तेथून जवळच माटुंग्याची जुनी दाक्षिणात्य वस्ती आहे. श्री षण्मुखानंद ललितकला व संगीत सभा १९५२ पासून त्याच परिसरात कर्नाटक संगीताची परंपरा जोपासत आली. पडद्यावरील संगीतशिक्षकाचा खरा प्रतिनिधी असा शेजारीच राहत होता. चित्रपटाचे नाव ‘शेजारीण’ असावे, हा त्यातील उपरोध होय.

चित्रपटाचे समर्थक दोन मुद्दे मांडतात : हा विनोद द्वेषमूलक नाही, आणि हिंदी चित्रपटाने पारशी, बंगाली, मारवाडी अशा सर्वांचीच थट्टा केली आहे. पहिला मुद्दा बऱ्याच अंशी ग्राह्य आहे. दुसरा मात्र मराठी वाचकाने स्वानुभवाने तपासण्याजोगा आहे. हिंदी पडद्यावर मराठी माणूस दीर्घकाळ हवालदार व मोलकरीण याच रूपांत दिसला आणि ते त्याला बोचत आले. सर्वांची थट्टा झाली, म्हणून ती प्रत्येकाला सारखीच लागते असे नाही. थट्टा करणारी भाषा ज्याची आपली, त्याला ती कमी लागते.

पाश्चात्त्य चित्रपटांतही असे वाद झाले. ब्रेकफास्ट ॲट टिफनीज (१९६१) या चित्रपटात मिकी रूनी यांनी रंगविलेल्या जपानी शेजाऱ्याबद्दल दिग्दर्शक ब्लेक एडवर्ड्‌स यांनी पुढे खेद व्यक्त केला. गॉन विथ द विंड (१९३९) हा चित्रपट २०२० मध्ये एका प्रसारण सेवेने काही काळ मागे घेऊन प्रास्ताविकासह पुन्हा उपलब्ध केला. कलाकृती न दडपता तिचा संदर्भ सांगणे, हा मार्ग पडोसनच्या बाबतीतही उचित ठरेल.

चित्रपटाचे खरे मर्म खिडकीतील गायनस्पर्धेत आहे. पिल्लईसाठी मन्ना डे व विद्यापतीसाठी किशोर कुमार यांचा आवाज आहे. एका बाजूला सरगम व ताना, तर दुसऱ्या बाजूला उत्स्फूर्त खट्याळपणा. प्रतिस्पर्धी मध्येच सूर बदलतो, पिल्लई गोंधळतो आणि हरतो. प्रेक्षक नायकाच्या विजयाने हर्षित होतो. परंतु दोन खिडक्यांत समोरासमोर उभ्या असलेल्या स्पर्धकांपैकी स्वतःच्या गळ्याने गाणारा एकटा पिल्लईच आहे. विजय मिळतो तो कपटाला. चित्रपटाला ही विसंगती ठाऊक आहे, कारण बिंदूचा रोष तिच्यावरच आधारलेला आहे. मात्र पिल्लईला न्याय देण्याइतके धैर्य त्याने दाखविले नाही. पडोसनचे संगीत व अभिनय यांचे श्रेष्ठत्व आणि त्याची ही मर्यादा, दोन्ही याच एका प्रसंगात एकवटली आहेत.