सखीची जागा : महदंबेचे धवळे आणि स्त्रियांचे सख्य

मराठी वाङ्मयेतिहासात महदंबेचे नाव 'आद्य कवयित्री' ह्या बिरुदावाचून क्वचितच येते. बिरुद रास्त आहे. परंतु त्याने एक नुकसानही केले आहे. 'आद्य' म्हटले की व्यक्ती एकटी पडते. तिच्या आधी कोणी नाही आणि तिच्या शेजारीही कोणी नाही, असे चित्र उभे राहते. पहिली गोष्ट वादाची आहे. दुसरी मात्र महानुभाव गद्याच्या साक्षीने खोटी ठरते. 'लीळाचरित्र', गोविंदप्रभूंचे चरित्र आणि 'स्मृतिस्थळ' ह्या तीन ग्रंथांत महदाइसा एकटी अशी फार थोड्या वेळा भेटते. ती येते ती आबाइसा, उमाइसा आणि इतर बायांच्या सोबतीने.

ह्या सोबतीला काय नाव द्यावे? महदाइसा ही नागदेवाचार्यांची चुलत बहीण, आबाइसा त्यांची आई, उमाइसा सख्खी बहीण. तेव्हा हे सख्य नव्हे, गोतावळा आहे, असा आक्षेप कोणी घेईल. पण ज्या पंथात प्रवेश म्हणजेच गोत्यागाचा, घरदार सोडण्याचा निश्चय, तेथे रक्ताच्या नात्याला टिकण्याचे कारण उरत नाही. महदाइसा बालविधवा. दादोसांच्या परिवारातून ती चक्रधरांकडे आली. १२७४च्या सुमारास चक्रधर दृष्टीआड झाल्यावर हा परिवार गोदातीर सोडून वऱ्हाडात, आजच्या अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूरला (आजचे रिद्धपूर) गोविंदप्रभूंच्या सेवेत आला. प्रभूंच्या निधनानंतर नागदेवांच्या आज्ञेत राहिला. गुरू बदलले, मुलूख बदलला; बायांची सोबत मात्र ह्या ग्रंथांत पुनःपुन्हा दिसत राहते. जन्माने मिळालेले नाते येथे दुसऱ्यांदा, जाणतेपणी, निवडलेले आहे. सख्याची ह्याहून नेमकी व्याख्या करता येणे कठीण.

लीळाचरित्राचा कर्ता पुरुष आहे आणि त्याचे लक्ष चक्रधरांवर आहे, हे येथे विसरून चालणार नाही. बायांचे आपसांतले बोलणे स्वामींच्या कानी पडले तरच बहुधा त्याची लीळा होते. ह्या संहितेत स्त्रियांचे सख्य शोधणे म्हणजे तिच्या समासात वाचणे होय. परंतु समास कोरा नाही. महदाइसेची जिज्ञासा, तिचे न थकणारे प्रश्न, ऋद्धिपुरातील स्वयंपाक, प्रभूंच्या लहरी सांभाळताना बायांनी वाटून घेतलेली कामे, अधूनमधून उमटणारा रुसवा हे सारे म्हाइंभटाने टिपले आहे. आणि 'स्मृतिस्थळा'तील तो प्रसिद्ध प्रसंग आहेच. केशवराजांनी संस्कृतात लिहावयाचे म्हटले तेव्हा नागदेवांनी अडवले, कारण त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील. मराठीच्या अभिमानाचा दाखला म्हणून हा प्रसंग शंभरदा उद्धृत झाला आहे. त्यातील 'म्हाताऱ्या' हे अनेकवचन मात्र फारसे कोणी वाचलेले नाही. ग्रंथाची भाषा ठरवण्याइतके वजन ज्यांना होते, तो एकत्र बसून ऐकणाऱ्या, एकत्र वृद्ध झालेल्या स्त्रियांचा श्रोतृवर्ग होता.

धवळ्यांकडे ह्या बाजूने पाहिले म्हणजे त्यांचा आकृतिबंध वेगळा दिसू लागतो. गोविंदप्रभूंनी विवाहाचा खेळ मांडला आणि महदाइसेला धवळे गावयास सांगितले, असे परंपरा सांगते. धवळा हे वरगीत. लग्नघरी बायांनी मिळून गावयाचा हा प्रकार. कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची कथा हा त्याचा विषय झाला. पण गाणारीच्या भोवती म्हणणाऱ्या आणि ऐकणाऱ्या बाया आहेत, हे गृहीतच ह्या रचनेचा पाया आहे. एकट्या कवयित्रीला धवळा सुचणे शक्य नाही, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही. यशवंत खुशाल देशपांडे आणि वि. भि. कोलते ह्या विदर्भातील संशोधकांनी महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासासाठी केलेल्या कामाचे ऋण मोठे आहे. मात्र त्या पिढीची दृष्टी पाठ, काळ आणि कर्तृत्व ह्या प्रश्नांवर खिळलेली होती, आणि तेव्हा ते आवश्यकही होते.

संस्कृत काव्यशास्त्रात सखी ही दूती असते. नायिकेचा निरोप पोचवला की तिचे काम संपते. तिची स्वतःची कथा नसते. लावणीत 'सखे' हे केवळ संबोधन उरते. सर्वांत बोलके उदाहरण जनाबाईचे. तिच्या नावावरील अभंगांत विठ्ठल दळू लागतो, शेण्या वेचतो, केस विंचरतो. ही सारी कामे एरवी दुसऱ्या बाईच्या सोबतीने व्हावयाची. जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसणारी कोणी नाही, म्हणून तेथे देव येऊन बसतो. भक्तीचा उत्कर्ष म्हणून आपण हे अभंग वाचत आलो. त्यात दासीच्या वाट्याला आलेले मैत्रिणीवाचूनचे जिणेही आहे. महदंबेच्या रचनेत देवाला ही जागा भरावी लागत नाही, कारण ती रिकामी नाही.

तेव्हा स्त्रियांचे सख्य मराठीत आशयसूत्र म्हणून शोधू गेल्यास हाती थोडेच लागते. ते आहे आविष्काराच्या घडणीत. आधुनिक काळातही कागदपत्रांचा तोल असाच आहे. अमरावतीला १९०४ साली जन्मलेल्या कुसुमावती देशपांडे ह्यांचा अनिलांशी झालेला पत्रव्यवहार 'कुसुमानिल' म्हणून १९७२मध्ये ग्रंथरूप झाला आणि तो मोलाचा आहे. दोन मैत्रिणींच्या पत्रांना मराठीत असे भाग्य क्वचितच लाभले.

अमरावती-अकोल्याकडच्या भुलाबाईच्या गाण्यांचेही तेच. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई-भुलोजींच्या मूर्तींपुढे टिपऱ्यांवर गातात, घरोघर जातात, खिरापत ओळखतात. गाण्यांत सासर आहे, माहेर आहे, सासू आहे, दीर आहे. मैत्रीण जवळजवळ नाहीच. ती गाण्यात नाही, कारण ती शेजारी उभी आहे, पुढची ओळ उचलते आहे. छापील संग्रहांत ह्या गाण्यांचे शब्द सलग येतात. कोणती ओळ कोणी म्हटली, कोठे आवाज बदलला, लग्न होऊन गेलेली मुलगी माहेरी आली तेव्हा तिच्या वाट्याची ओळ कोणी म्हणत होते, ह्याची नोंद त्यांत नसते. धवळ्यांच्या हस्तलिखितांनीही ती ठेवली नाही. परंतु भुलाबाईच्या बाबतीत विचारता येईल अशा बाया अजून वऱ्हाडात आहेत.